शार्दूल पाण्याला हात लावत नाय

सुई ओठांत धरायची, दोरा दातानं कटकन तोडायचा आन् सुई तशीच ओठांत ठेवून बोलायचं, ही आमच्या समोरच्या ताईची सवय. "असतो ओ भाऊ माणूस तसा. कुणी पाह्यलेला नसतो, एवढंच."

पहिल्यांदा ऐकलं तवा मला वाटलं, बाई माझ्याबद्दल बोलती. मी आपलं लाजून एका शर्टाची कॉलर दोनदा इस्त्री केली. मंग ध्यानात आलं, ती टीव्हीतल्या शार्दूलबद्दल बोलती. माझ्याबद्दल असं आजून कुणीच बोललं नाय. घरची तर म्हणती, "तुमाला समद्यांनी पाह्यलंय, तेच तर वांदे हाय."

तुमच्या बी गल्लीत अशी एखादी असंल. रोज दिसती म्हणून कुणी बघत नाय. मी बघायचो, कारण इस्त्रीला हात लागतो, डोळे रिकामेच असतेत. त्यामुळं कपडे जळतेत. ते पुढं येईलच.

आमची गल्ली शहरातल्या मुकुंदवाडीची. लिंबाखाली माझी इस्त्रीची गाडी, समोर तिच्या भावाचं घर, घराच्या पुढच्या खोलीत तिची मशीन. साडीला हातानं फॉल लावायचा, काठाला मशीनवर पिको करायचा. गल्ली तिला पिकोवाल्या ताई म्हणायची. माझ्या शिक्षणाचं म्हणाल तर शाळेचे युनिफॉर्म लई इस्त्री केले, शाळेशी आपला तेवढाच संबंध. हे बी मी फोनात बोलूनच लिवतोय, आन् ते बी तिनंच शिकविलेलं. चूक दिसली तर फोनची समजा.

ताईला तिच्या नवऱ्यानं एका दिवाळीला भावाकडं आणून सोडलं आन् "आठ दिवसांनी न्यायला येतो" म्हणून गेला. गाव देवगाव रंगारी. सकाळच्या यष्टीनं जावं आन् सांजच्याला परत यावं, एवढ्यावर. त्या आठ दिवसांचे किती वर्षं झाले ते गल्लीत कुणी मोजित नव्हतं. मोजलं असतं तर तिला ऐकू गेलं असतं.

आपल्याकडची रीत तुमाला ठावं हाय. सोडलेली बाई आपल्या पायानं परत जात नाय. न्यायला कुणी तरी यावं लागतं. नवरा, दीर, सासरा, कुणी बी. आपणहून गेली की जन्मभर ऐकायचं, "तूच आलती." म्हणून ती थांबली होती. तोंडानं कधी म्हणली नाय, पण दर दिवाळीच्या आधी एक हिरवी साडी माझ्याकडं इस्त्रीला द्यायची. नेसायची नाय. घडी तशीच पेटीत ठिवायची. मी एकदा गंमत केली, "ताई, ही साडी नेसून नाय, इस्त्रीनंच फाटणार."

ती म्हणली, "ऐन टायमाला चुरगळलेली नको भाऊ."

माझी गंमत तिथंच मेली.

आता टीव्हीचं. त्या मालिकेत एक शार्दूल. मोठ्या घरचा, कपाळावर आठी कायम. मला वाटायचं, एकदा जाऊन गरम इस्त्री फिरवावी. त्याची बायको हेमांगी. शार्दूलनं कुणाचं तरी ऐकून तिच्यावर संशय घेतला आन् तिला घराबाहेर काढली. हेमांगी माहेरी जाऊन बसली. इथपर्यंत आलं आन् मालिकावाल्यांनी गाडी उभीच केली. रोज हेमांगी खिडकीत, रोज शार्दूल गॅलरीत. महिनोन् महिने. बायांचा जीव कावला. मंग त्यांनी पुढची गोष्ट आपली आपणच रचायला घेतली. माणसं टीव्हीची, गोष्ट आपली.

फोनवर गट होता त्यांचा. निव्वळ बाया. बाप्या मी एकटा, ते बी यासाठी की ताई गोष्ट आधी मला ऐकवायची. "तुमाला समजली की समद्यांना समजंल," म्हणायची. त्या वक्ती मला ती तारीफ वाटली.

गटात कन्नड गावची एक पोरगी होती, इथं नर्सिंग शिकायची, मला मामा म्हणायची. तिनं सांगितलं, "मामा, याला फॅनफिक्शन म्हणतेत. जगभर लोकं लिवतेत." लिवत असतीन. ताई लिवत नव्हती. तिचे दोन्ही हात साडीत. ती फोन मशीनच्या डोक्यावर ठिवायची, आवाज भरायचं बटन दाबायची आन् पिको करता करता बोलायची. गोष्टीच्या मागं मशीन घर्र चालू. ऐकणारणींना त्याची सवय झालती. शार्दूल चिडला की मशीन पळायची. हेमांगी रडायला लागली की मशीन थांबायची, कारण काठावर पाणी सांडून चालत नाय. साडी गिऱ्हाइकाची.

तिचा शार्दूल टीव्हीतल्यापेक्षा येगळाच. हेमांगीचं डोकं दुखलं की लाईट बंद करून स्वतः बाहेर ओट्यावर बसायचा. जेवला की ताट उचलायचा, भांडी घासायचा. मी म्हणलं, "ताई, एवढ्या मोठ्या घरात भांड्याला बाई नसंल का?"

"असंल की. सुट्टीवर असंल त्या दिवशी."

ती बाई मंग सहा महिने सुट्टीवरच ऱ्हायली.

एक दिवस तिनं मोठा भाग रचला. शार्दूल हेमांगीला न्यायला तिच्या माहेरी येतो. उन्हाचा येतो. हेमांगीची वहिनी पाण्याचा तांब्या पुढं करती. आन् शार्दूल पाण्याला हात लावत नाय. म्हणतो, "आधी ती येती का विचारा. नाय म्हणली तर तहानलेलाच जाईन, पण पाहुणा म्हणून पाणी पिणार नाय."

मशीन थांबली. मी बी थांबलो. खाली एका मास्तराचा पायजमा होता, तो तपकिरी झाला.

तो भाग गटात गेला आन् बाया एकमेकींच्या उरावर बसल्या.

पहिली नर्सवाली. "ताई, सॉरी, पण हा शार्दूल नाहीच. मालिकेत यानं तिला हाताला धरून दाराबाहेर फेकलंय. तुमी त्याला पार देव करून ऱ्हायल्या. अशा माणसाकडं हेमांगीनं जायचंच कामून? माझ्या गोष्टीत ती नोकरीला लागती आन् तो आला की दार लावून घेती."

मंग दौलताबादच्या आपा. किल्ल्याखाली त्यांचं बांगड्यांचं दुकान. "अरे बेटा, तेरी हेमांगी तो पत्थर की है. दरवाजा लगा को बैठी तो फिर हमना देखना क्या? उसकू थोडा रुलाने का, फिर माफ करने का. बाजी, तुम बोलो. हम सुन रैं."

आन् समद्यात शेवटी देवगावच्या काकू. ताईच्या सासरच्या गावची म्हातारी, ताई तिकडं असताना शेजारीण होती. काकूंचा आवाज फोनमधून बी अंगावर यायचा. "काय बी ऐकवू नको पोरी. असा बाप्या आजून आईच्या पोटी आलेला नाय. तो शार्दूल तांब्या फेकून मारील, आन् तू त्याला तहानलेला उभा करती व्हय! बदल ते. सांग तुझ्या हेमांगीला, वाट बघू नको म्हणावं."

ताईनं सुई ओठांत धरली. "असतो ओ काकू माणूस तसा..."

"नसतो!" काकू.

हे रोजचं झालं. नर्सवाली म्हणायची हेमांगीला ताठ करा, आपा म्हणायच्या नरम करा, काकू शार्दूलच्या खानदानाचा उद्धार करायच्या. मला काकूंचा राग यायचा. एवढी गोड गोष्ट आन् ही म्हातारी रोज त्यात मीठ टाकती. एकदा मी बी बटन दाबलं आन् म्हणलं, "काकू, टीव्हीतलं हाय ते. एवढं मनावर नका घेऊ."

काकूंचं उत्तर आलं, "तू कपडे जाळ."

आता माझी कीर्ती देवगावपर्यंत कशी गेली ते मला ठावं नाय.

एकदा नर्सवाली हळूच बोलली. पोरगी चांगली होती, भांडायची पण टोचायची नाय. "ताई, तुमी त्याची चूक झाकून ऱ्हायल्या. ऐकणाऱ्या पोरींना वाटंल ना, की आपण थांबलं की माणूस सुधरतो."

ताईनं मशीन बंद केली. बटन दाबलं. "मंग काय सांगू त्यांना? थांबलं की काय होतं, ते सांगू?"

 आपांनी तेवढं एक फूल पाठविलं.

दिवाळी तोंडावर आलती. हिरवी साडी माझ्या गठुड्यात होती. दुपारची येळ, ऊन असं की लिंबाची बी सावली गरम. एक माणूस गल्लीत आला. पांढरा शर्ट घामानं पाठीला चिकटलेला. मला विचारलं, "पिकोचं दुकान हेच का?"

मी म्हणलं, "हेच. साडी कुठंय?"

"साडी नाय. मी देवगावहून आलो."

आता माझी अक्कल बघा. मी त्याला नीट खुर्ची सुद्धा दिली नाय. हात दाखविला, "हे काय समोर," आन् पळत गठुडं सोडलं. हिरवी साडी काढली, इस्त्रीत कोळसा भरला, चांगला फुलविला. ऐन टायमाला चुरगळलेली नको. माझ्या डोक्यात एवढंच. नवरा न्यायला आला, आता उठतीन, निघतीन, आन् साडी तयार नसली तर? माझ्या लग्नाच्या दिवशी बी मी एवढा पळालो नव्हतो.

तिकडं तो दारातल्या खुर्चीवर बसला. ताईच्या भावजयीनं पाण्याचा तांब्या आणला. ताई मशीनवरून उठली नाय. पाय पायडलवर, हात कुणाच्या तरी साडीच्या काठावर, सुई ओठांत. ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती तांब्याकडं बघत होती.

त्यानं तांब्या घेतला आन् वरून घटाघटा रिकामा केला. पाणी हनुवटीवरून शर्टात गेलं. तांब्या पुढं केला. "आणखी आना थोडं."

भावजयीनं आणखी आणलं. ते बी प्याला.

रस्त्याच्या ह्या बाजूला मी उभा. इस्त्री पदरावर, आन् माझं लक्ष तिकडं.

तो म्हणला, "ते फोनवरचं बंद कर तुझं."

"कोणतं?"

"ते शार्दूलचं. काकू ओट्यावर बसून मोठ्यानं लावती. गावातल्या समद्या बाया जमतेत. घरात रोज कटकट होऊन ऱ्हायली माझ्या. ती म्हणती, शार्दूल भांडी घासतो, तुमाला जेवलेलं ताट उचलायला जड जातं का."

ताईनं ओठांतली सुई काढली. बोलायच्या आधी तिनं सुई काढलेली मी तवाच पाह्यली.

"ती कोण?"

भावजय भिताडाकडं बघायला लागली. तो बी जरा गडबडला. म्हणला, "तुला ठावं नव्हतं व्हय?" मंग उठला. भावजय म्हणली चहा टाकते, तर म्हणला, "नको, गाडी हाय."

जाताना माझ्यापाशी थांबला, रुमालानं मान पुसली. "लई ऊन हाय बुवा तुमच्या शहरात."

मी म्हणलं, "व्हय."

दिवसभर तोंडाची टकळी चालू असणारा मी. गल्लीतल्या कुत्र्याला सुद्धा जवाब देतो. आन् त्या वक्ती माझ्या तोंडातून काय निघालं तर, व्हय.

मंग वास आला. इस्त्री उचलली तर पदराला तिच्याच आकाराचं भोक. मी साडी घेऊन तिच्यापुढं जाऊन उभा ऱ्हायलो. काय बोलावं? मी जाळलेल्या कपड्यांसाठी माझ्याकडं ठरलेली बहाणेबाजी हाय. कापडच हलकं होतं, वारा आला, कोळसा ओला होता. एक बी आठवंना.

तिनं भोकातून हात घालून पाह्यला. "राहू द्या भाऊ. कुठं नेसायची आता." घडी घालता घालता म्हणली, "बरं झालं तुमी जाळली. मला कापवली नसती."

दुसऱ्या दिवशी तिनं बटन दाबलं. त्या भागात मशीन पयल्यापासून शेवटपर्यंत चालूच होती, कुठंच थांबली नाय. "शार्दूल आला. वहिनीनं पाणी दिलं. पाणी प्याला. आणखी मागितलं, ते बी प्याला. म्हणला, घरात कटकट होती. मंग गाडी होती म्हणून गेला. हेमांगीनं तांब्या विसळून पालथा घातला." संपलं.

आता गंमत बघा, म्हणजे गंमत कसली. गटात पयला दगड नर्सवालीचाच. "ताई, हे काय केलं? असं नका ना करू त्याला! तो नाही असा!"

आपा तर रडायलाच आलत्या. "नै बाजी. ये हमारा शार्दूल नै. हमारा शार्दूल पानी कू हात नै लगाता. तुमीच बोले थे ना?"

बाकीच्या बी तुटून पडल्या. पयला भाग परत पाठवा. आमचा शार्दूल परत द्या. ज्या रोज म्हणायच्या असा माणूस नसतो, त्याच आता म्हणत होत्या, असतो, असतो, तुमीच त्याला बिघडविला. ताई ऐकत होती. एका एकीचं पार शेवटपर्यंत ऐकलं.

समद्यांच्या नंतर काकूंचा आवाज आला. आधी निस्ता श्वास. मंग म्हणल्या, "पोरी, मला ठावं होतं. तू गेली त्याच्या पुढल्या उन्हाळ्यात त्यानं दुसरी आणली. तुला तोंडावर कसं सांगू? जीभ उचलंना. म्हणून शार्दूलला शिव्या देत होते."

ताईनं पुढची साडी मांडीवर घेतली. मी म्हणलं, "काकूंना काय तरी म्हना."

"तुमीच म्हना, काकू बरोबर होत्या म्हणून."

"मी म्हणलं तर त्या परत कपडे जाळ म्हणतीन."

ती हसली, म्हणजे ओठ हलले. मंग खाली बघून म्हणली, "ती बी ऐकायची म्हणे, काकूच्या ओट्यावर बसून. तिला आवडायचा शार्दूल." दोरा ओवला. गाठ मारली. "तिला बी नाय भेटला."

त्याच्यानंतर ते "असतो ओ भाऊ माणूस तसा" मी पुन्यांदा ऐकलं नाय. मी मुद्दाम विषय काढायचो. गिऱ्हाइकाच्या शर्टाची घडी तिला दाखवून म्हणायचो, "बघा ताई, कसा माणूस असंल हा." ती म्हणायची, "असंल कसा बी."

टीव्हीतली हेमांगी शेवटी आपल्या पायानं सासरी परत गेली. सासूनं ओवाळलं, शार्दूल दारात उभा राहून हसला, आन् मालिका संपली. ताईनं तो शेवट पाह्यला नाय. मी पाह्यला. घरची म्हणली, "रडता काय, कांदा कापला का?" मी म्हणलं, व्हय. आमच्या घरात कांदा मी कधीच कापत नाय.

मंग तिच्या भावानं विचार केला. आता हिला न्यायला कुणी यायचं नाय, मंग इथं बसून तरी काय. कन्नडच्या पुढं घाटाच्या अंगाला त्यांचा मामा राह्यतो. मामी अंथरुणाला खिळलेली. तिचं हागणं-मुतणं करायला घरात बाईमाणूस नाय. मामानं निरोप धाडला, पोरीला पाठवा. तिला विचारलं का नाय, मला ठावं नाय. मला जेवढं दिसतं तेवढंच मी सांगतो. दोन पिशव्या दिसल्या.

न्यायला जीप आलती, आधीच बायांनी भरलेली. म्हणजे शेवटी आलं कुणी तरी. जीपवाला गावचाच, मामाच्या ओळखीचा. दारात उभा ऱ्हायला, भावजयीनं पाण्याचा तांब्या पुढं केला.

तो म्हणला, "पाणी नको वहिनी. आधी त्यांना बोलवा. उशीर होतो."

हात सुद्धा लावला नाय त्यानं तांब्याला.

ताई उंबऱ्यात होती. तिनं ते ऐकलं. माझ्याकडं बघितलं. मी इकडं इस्त्री धरून उभा, खाली कुणाचं तरी धोतर. मला वाटलं आता ही हसंल, नायतर रडंल. तिनं दोन्हीतलं कायच केलं नाय. जीपमधल्या बाया सरकल्या, ती बसली, जीप गेली. धोतर मातूर वाचलं. माझ्या हातून त्या दिवशी तेवढं एकच चांगलं झालं.

मशीन आजून तिथंच हाय. भावजयीला पिको येत नाय. मशीनवर झाकायला ती हिरवी साडी टाकलेली हाय, जळका पदर खालच्या अंगाला. वाऱ्यानं उडाला की भोक दिसतं. माझ्या गाडीवरून बरोबर समोर.

घाटाकडं रेंज नाय म्हणतेत. तिचा आवाज गटात आलेला नाय. बाया आजून विचारतेत, पुढं काय झालं? नर्सवालीनं एक भाग रचला, आपांनी बी एक रचला, पण एकीला दुसरीचा पटंना. मशीनचा आवाज नाय म्हणतेत, गोष्ट खरी वाटत नाय. देवगावच्या काकू गटात हायत, ऐकतेत, बोलत नायत.

परवा मला वाटलं, आपणच करून बघावं. एवढे दिवस समोर बसून ऐकलंय. फोन गाडीवर ठिवला, बटन दाबलं. शार्दूलला पार देवगावच्या यष्टीतून आणला. उन्हातून गल्लीत आणला, दारात उभा केला. वहिनीनं तांब्या पुढं केला. शार्दूलनं पाण्याला हात लावला नाय. इथवर समदं डोक्यातच जमवलं होतं, तोंडानं आजून काय बोललो नव्हतो. आता त्यानं बोलायचं होतं. दारात आलेला माणूस काय बोलतो, ते मला येईना. मी बटन धरून उभा, शार्दूल तांब्यापुढं उभा, आन् मधी निस्ता कोळसा तडतडतोय.

बटनावरचं बोट निसटलं आन् ते तसंच गटात गेलं.

थोड्या येळानं आपा बोलल्या, "भाई, आवाज नै आ री. फिर से भेजो."